लसीच्या आधी पोहोचलेली माणसं

पिंपरीत १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली आणि स्वतंत्र भारताचे पेनिसिलिन या गावात तयार होऊ लागले. १९६६ साली हडपसरला सीरम इन्स्टिट्यूट सुरू झाली. आज मात्रांच्या संख्येने जगातली सर्वांत मोठी लस-उत्पादक संस्था म्हणून ती ओळखली जाते. औषध आणि लस या दोन्ही गोष्टी पिंपरी-चिंचवड, चाकण, खेड, शिरूर या मुलखाच्या अंगणातच तयार होत आल्या आहेत. पण अंगणात तयार झालेली लस घरातल्या बाळाला टोचायची तर त्या घराचा होकार लागतो. तो होकार मिळवायला इथे सव्वाशे वर्षे लागली. तो कुणी मिळवला, कसा मिळवला आणि मधे कितीदा गमावला, हे समजून घ्यायचे तर सुरुवात प्लेगच्या सालापासून करावी लागते.

सक्तीने पेरलेली भीती

सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकॅसियो व्हिएगस यांनी प्लेगचे निदान केले. काही महिन्यांतच साथ पुण्यात शिरली. ४ फेब्रुवारी १८९७ रोजी साथरोग कायदा लागू झाला आणि सरकारच्या हाती घरात घुसण्यापासून सामान जाळण्यापर्यंतचे अधिकार आले. पुण्यात प्लेग कमिटी नेमली गेली. तिचे प्रमुख होते वॉल्टर चार्ल्स रँड. मार्चच्या मध्यापासून गोऱ्या सैनिकांच्या तुकड्या पेठापेठांतून घरझडती घेऊ लागल्या. रोगी शोधणे, त्याला इस्पितळात हलवणे, घरच्यांना विलगीकरणाच्या छावणीत नेणे आणि घर धुऊन काढणे, असा तो क्रम होता. वैद्यकीय हेतू खरा होता, पण पद्धत लष्करी होती. परके पुरुष माजघरात आणि देवघरात शिरले, बायाबापड्यांची तपासणी परक्यांच्या हातून झाली, संसाराच्या वस्तू रस्त्यावर जळाल्या. इस्पितळात गेलेला माणूस परत येत नाही, ही समजूत घराघरांत पक्की झाली.

त्याच दिवसांत पुण्याजवळ अगदी वेगळ्या रीतीने रुग्णसेवा चालू होती. सावित्रीबाई फुले आणि त्यांचे डॉक्टर पुत्र यशवंत यांनी हडपसरजवळ ससाण्यांच्या मळ्यात प्लेगच्या रुग्णांसाठी दवाखाना उघडला. सावित्रीबाई स्वतः रुग्णांना तिथे आणत होत्या. मुंढव्याच्या वस्तीतून आजारी मुलाला आणताना त्यांना संसर्ग झाला आणि १० मार्च १८९७ रोजी त्या गेल्या. सैनिकांच्या झडत्या सुरू झाल्या त्या यानंतर अवघ्या तीन-चार दिवसांत. रुग्णाजवळ जाण्याचे हे दोन मार्ग पुण्याने एकाच महिन्यात पाहिले. सरकारने झडतीचा मार्ग धरला आणि त्याची किंमत पुढे पिढ्यान् पिढ्या मोजावी लागली.

२२ जून १८९७ च्या रात्री, व्हिक्टोरिया राणीच्या हीरकमहोत्सवाचा समारंभ आटोपून परतताना गणेशखिंडीच्या रस्त्यावर रँड आणि लेफ्टनंट आयर्स्ट यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. झाडणारे चिंचवडचे चापेकर बंधू होते. पुढे तिघेही भाऊ फासावर गेले. त्यांचा वाडा आज चिंचवडमध्ये स्मारक म्हणून उभा आहे. स्वातंत्र्यलढ्याच्या इतिहासात या घटनेला मानाचे स्थान आहे. सार्वजनिक आरोग्याच्या इतिहासातही तिची नोंद घ्यायला हवी, कारण साथ आवरताना लोकांचा मान राखला नाही तर काय होते, याचा इतका कडवा धडा दुसरा नाही.

प्लेगची लस आली ती याच धुमाळीत. ती तयार करणारे शास्त्रज्ञ वाल्डेमार हाफकिन यांनी १० जानेवारी १८९७ रोजी मुंबईत ती आधी स्वतःला टोचून घेतली, मग भायखळ्याच्या तुरुंगातील कैद्यांना दिली. लस घेतलेल्यांत प्लेगचे प्रमाण स्पष्टपणे कमी दिसले. पण ज्या सरकारने घर उपसले त्याच सरकारची सुई लोकांनी कशी स्वीकारावी? त्यातच १९०२ साली पंजाबातल्या मुलकोवाल गावी दूषित कुपीमुळे १९ जण धनुर्वाताने दगावले. दोष हाफकिनच्या प्रयोगशाळेचा नव्हता, हे सिद्ध व्हायला पाच वर्षे गेली. अफवांना तेवढा अवधी पुरेसा होता.

देवी डॉक्टर आणि आणीबाणीची छाया

प्लेगच्या आधीपासून खेड्यापाड्यांत एक लस ओळखीची होती, ती देवीची. १४ जून १८०२ रोजी मुंबईत तीन वर्षांच्या अ‍ॅना डस्टहॉल हिला भारतातली पहिली देवीची लस टोचली गेली. पुढे सरकारी टोचणीस गावोगाव हिंडू लागले. लोक त्यांना देवी डॉक्टर म्हणत. एका मुलाच्या दंडावरची लस काढून दुसऱ्याला टोचण्याची जुनी पद्धत जातीपातीच्या समाजात अनेकांना नको असे. शिवाय रोग हा देवीचा कोप, मग त्याला अडवायचे कसे, असा धर्मभीरू मनाचा प्रश्न होता. आया पोरांना धान्याच्या कणगीमागे लपवत. तरीही टोचणीस दरवर्षी येत राहिला आणि टोचलेली पोरे साथीतून वाचताना लोकांनी पाहिली. विरोध ओसरला तो डोळ्यांदेखत आलेल्या या अनुभवाने. १९६२ साली राष्ट्रीय देवी निर्मूलन कार्यक्रम सुरू झाला. १९७५ मध्ये देशातला शेवटचा रुग्ण सापडला आणि १९७७ च्या एप्रिलमध्ये भारत देवीमुक्त जाहीर झाला. आजच्या आजी-आजोबांच्या दंडावरचे गोल व्रण ही त्या यशाची खूण आहे.

हे यश पदरात पडत असतानाच दुसरीकडे विश्वासाला मोठे भगदाड पडत होते. १९७५ ते १९७७ या आणीबाणीच्या काळात नसबंदीची उद्दिष्टे आरोग्य कर्मचाऱ्यांच्या आणि शिक्षकांच्याही गळ्यात मारली गेली. महाराष्ट्र विधिमंडळाने १९७६ साली सक्तीच्या नसबंदीचे विधेयक मंजूर केले. राष्ट्रपतींची संमती न मिळाल्याने ते अमलात आले नाही, पण सरकारी गाडी दिसली की रानात पळायचे, ही गोष्ट गावांच्या आठवणीत रुतून बसली. पुढे पोलिओचा डोस असो, गोवर-रुबेलाची सुई असो वा कोरोनाची लस, “याने मूल होत नाही” ही अफवा दरवेळी नव्याने उठली. अशिक्षितांची कल्पना म्हणून ती झटकणे अन्यायाचे ठरेल. सरकारच्या सुईमागे दुसराच हेतू असतो, हे त्या पिढीने भोगलेले होते.

वढूचा धडा

हे भगदाड ज्याने बुजू शकेल असे काम १९७० च्या दशकात महाराष्ट्रात दोन-तीन ठिकाणी आधीच सुरू झाले होते. नगर जिल्ह्यात जामखेडला डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० पासून गावातल्याच, बहुतेक निरक्षर आणि दलित-वंचित घरांतल्या स्त्रियांना आरोग्य कार्यकर्त्या म्हणून घडवले. पुणे जिल्ह्यात हेच सूत्र डॉ. बानू कोयाजी यांनी हाती घेतले. १९४४ पासून त्या पुण्याच्या केईएम रुग्णालयात होत्या आणि ४० खाटांच्या प्रसूतिगृहाचे त्यांनी मोठे रुग्णालय केले होते. आपल्याकडे येणाऱ्या ग्रामीण बाया उशिरा येतात आणि म्हणून दगावतात, हे त्या रोज पाहत होत्या. तेव्हा रुग्णालयच गावाकडे नेण्याचे त्यांनी ठरवले.

त्यासाठी निवडलेले गाव होते शिरूर तालुक्यातले वढू बुद्रुक, छत्रपती संभाजी महाराजांच्या समाधीचे. चाकणपासून ते फार लांब नाही. तेव्हा हा सारा टापू कोरडवाहू होता. कोयाजींनी गावांतूनच आरोग्य मार्गदर्शक निवडले. ही माणसे डॉक्टर नव्हती. गरोदर बाई कोण, कुणाच्या बाळाचा डोस राहिला, कुणाच्या घरी पाणी गाळून प्यायले जात नाही, हे त्यांना कागदाविना ठाऊक असे. बाळाला लस दिल्यावर रात्री ताप आला तर दार ठोठावायला हक्काचे घर शेजारीच होते. लसीवरच्या विश्वासाचे मर्म इथे सापडले. सुई टोचून गाडीत बसून निघून जाणाऱ्या माणसावर विश्वास बसत नाही. जो दुसऱ्या दिवशीही गावात असतो, ज्याला जाब विचारता येतो, त्याच्यावर बसतो. सार्वजनिक सेवेसाठी कोयाजींना १९९३ चा मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

या कामाचे फळ पुढच्या पिढीत दिसले. २००२ पासून वढू परिसरातल्या २२ गावांतील प्रत्येक घराची जन्म, मृत्यू, स्थलांतर अशी नियमित नोंद केईएमच्या संशोधन केंद्राने सुरू केली. पुढे रोटाव्हायरसच्या अतिसारावरील रोटाव्हॅक या भारतीय लसीची निर्णायक चाचणी झाली. दिल्ली, वेल्लोर आणि वढू या तीन केंद्रांवर मिळून ६,७९९ बालके तिच्यात सहभागी होती. ही लस २०१६ पासून राष्ट्रीय लसीकरणात येऊ लागली. गोवराची लस सुईऐवजी फवाऱ्याने, श्वासावाटे देता येईल का, याचीही मोठी चाचणी याच परिसरात झाली. फवारा सुईपेक्षा कमी पडतो, हा तिचा निष्कर्ष जगाने स्वीकारला. देशासाठी लस तपासून घेण्याची तयारी शेतकरी-मजुरांच्या घरांनी दाखवली, त्यामागे तीस-चाळीस वर्षांची ओळख होती. ही ओळख नसती तर चाचणीसाठी पहिले दारही उघडले नसते.

बूथवरून उंबऱ्यावर

सरकारी लसीकरणाचा पाया १९७८ साली घातला गेला आणि १९८५ च्या नोव्हेंबरपासून सार्वत्रिक लसीकरण कार्यक्रम सुरू झाला. उपकेंद्रातली नर्सबाई हाती शीतपेटी घेऊन एसटीने, नाहीतर पायी वाड्यावस्त्यांवर जाऊ लागली. १९९५ च्या डिसेंबरमध्ये पल्स पोलिओ आले आणि रविवारचे बूथ, करंगळीवरची शाई, मग घरोघरी फिरणारी पथके आणि भिंतीवर खडूने लिहिलेल्या खुणा गावाच्या अंगवळणी पडल्या. या पट्ट्यातल्या पथकांना केवळ गावठाण पुरत नसे. वीटभट्ट्या, मोशीच्या दगडखाणी, बांधकामावरच्या पत्र्याच्या खोल्या, ऊसतोडीच्या कोप्या, एसटी स्थानक आणि टोलनाका अशी त्यांची यादी असे. १३ जानेवारी २०११ हा देशातल्या शेवटच्या पोलिओ रुग्णाचा दिवस ठरला आणि २७ मार्च २०१४ रोजी भारताला पोलिओमुक्तीचे प्रमाणपत्र मिळाले.

यात २००५ साली एक नवे माणूस सामील झाले. राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानाने आशा हे पद निर्माण केले. साधारण हजार लोकसंख्येमागे एक, त्याच गावची सून किंवा लेक, ग्रामसभेने निवडलेली. महाराष्ट्रात आधी आदिवासी भागात आणि मग इतरत्र आशा नेमल्या गेल्या. जामखेड आणि वढूला जे सिद्ध झाले होते, तेच आता देशभराचे धोरण बनले. मात्र एका बाबतीत सरकारने हात आखडता घेतला. आशा ही स्वयंसेविका ठरली. तिला पगार नाही, कामागणिक मोबदला. एका बाळाचे पहिल्या वर्षातले सगळे लसीकरण पूर्ण झाले की १०० रुपये.

या शंभर रुपयांमागचे काम समजून घेण्यासारखे आहे. लसीकरण सत्राच्या आधी ती घरोघर फिरून राहिलेल्या बाळांची यादी करते. सत्राच्या दिवशी आयांना बोलावून आणते, कुणाचा नवरा नको म्हणतो, कुणाची सासू “मागच्या खेपेला पोर दोन रात्री रडलं” म्हणून दार लोटून घेते, त्यांच्याशी बोलते. ताप येणे हा लस लागू पडल्याचा भाग आहे, गाठ आली तर चोळू नका, हा डोस कशाचा, पुढचा कधी, कार्ड जपून ठेवा, हे ती दरवेळी सांगते. आणि संध्याकाळी पुन्हा एकदा डोकावते. खेडच्या पश्चिमेला, चासकमान धरणामागच्या आणि भीमाशंकरच्या अंगाच्या ठाकर व महादेव कोळी वस्त्यांवर हे डोकावणे म्हणजे डोंगरातली पायपीट असते.

कारखान्यांच्या सावलीतली घरे

चाकणच्या बाजूला परिस्थिती वेगळ्याच रीतीने अवघड झाली. १९६२ साली औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाल्यावर पिंपरी, भोसरी, आकुर्डीत कारखाने उभे राहिले. नव्वदच्या दशकाअखेर ही लाट चाकणला पोहोचली आणि कांदा-बटाट्याच्या बाजाराचे हे गाव मोटारींच्या कारखान्यांचे झाले. म्हाळुंगे, खराबवाडी, नाणेकरवाडी, मेदनकरवाडी, निघोजे, कुरुळी या गावांत शेतजमिनीवर भाड्याच्या खोल्यांच्या रांगा उठल्या. मराठवाडा-विदर्भातून, उत्तर प्रदेश, बिहार, ओडिशातून कामगार आले, मागून त्यांची बायकामुले आली. गावाच्या आरोग्ययंत्रणेचा हिशोब मात्र जनगणनेच्या आकड्यांवर बेतलेला राहिला, आणि २०११ नंतरची जनगणना वेळेवर झालीच नाही. एका आशेच्या वाट्याला कागदावर हजार माणसे आणि प्रत्यक्षात त्याच्या कितीतरी पट, अशी गत झाली. वंचित घर आता फक्त डोंगरावर उरले नाही. कारखान्याच्या भिंतीला लागून, पण कुठल्याच यादीत नसलेले घर तितकेच वंचित होते.

कोरोनाने ही उणीव उघडी पाडली. ९ मार्च २०२० रोजी राज्यातले पहिले रुग्ण पुण्यात सापडले आणि दोनच दिवसांत पिंपरी-चिंचवडमध्ये. टाळेबंदीत खोल्या रिकाम्या झाल्या, मजूर गावाकडे चालत निघाले. एप्रिलमध्ये चाकणजवळ म्हाळुंगे इंगळे येथे मर्सिडीज-बेंझ कंपनी आणि जिल्हा परिषद यांनी मिळून १,५०० खाटांच्या तात्पुरत्या रुग्णालयाची तयारी केली. सप्टेंबरपासून “माझे कुटुंब, माझी जबाबदारी” मोहिमेत आशा, अंगणवाडी सेविका आणि शिक्षक दारोदार जाऊन ताप व ऑक्सिजन मोजत होते. अनेक ठिकाणी त्यांना दारातूनच परत पाठवले गेले. नाव लिहून नेले की घर सील होते, माणूस उचलून नेतात, ही भीती होती. सव्वाशे वर्षांपूर्वीचा साथरोग कायदाच तेव्हा लागू होता, आणि भीतीची जातही तीच होती.

१२ जानेवारी २०२१ रोजी सीरम इन्स्टिट्यूटच्या मांजरीतल्या आवारातून कोव्हिशिल्ड या कोरोना लसीचे ट्रक निघाले आणि १६ जानेवारीला लसीकरण सुरू झाले. पहिला मान आरोग्य कर्मचाऱ्यांचा होता. आशांनी आधी स्वतः लस घेतली आणि वस्तीत पहिला प्रश्न आला तोही हाच, “ताई, तू घेतलीस का?” हाफकिनने १८९७ साली जे स्वतःवर केले, तेच आता हजारो बायकांनी गावासमोर केले.

मे महिन्यात १८ वर्षांपुढील सर्वांना नोंदणी खुली झाली तेव्हा एक विपरीत दृश्य दिसले. मोबाईलवर झटपट नोंदणी करणारे शहरातले तरुण गाड्या काढून जिल्ह्यातल्या ग्रामीण केंद्रांवर येऊ लागले आणि गावकरी रांगेबाहेर राहिले. ज्याच्याकडे स्मार्टफोन नाही, आधार कार्ड गावाकडच्या घरी आहे, पाळी बुडवली तर हजेरी कापली जाते, अशा माणसाने लस घेतली नाही, एवढ्यावरून त्याला लसविरोधी म्हणणे चूक होते. त्याच्यापर्यंत लस पोहोचलीच नव्हती. ऑक्टोबरमधले “मिशन कवच कुंडल” आणि ३ नोव्हेंबर २०२१ पासूनचे “हर घर दस्तक” यांनी क्रम उलटा केला आणि लस माणसाकडे गेली. पहाटे शेतावर, संध्याकाळी पाळी सुटल्यावर खोल्यांच्या रांगेत, बाजाराच्या दिवशी चौकात. शिल्लक राहिलेल्यांची मने वळवली ती बहुतांशी ओळखीच्या बायांनी.

त्याच बायांना जून २०२१ मध्ये संप करावा लागला, ही गोष्ट या इतिहासातून गाळता येणार नाही. राज्यातल्या सुमारे ७० हजार आशा १५ जूनपासून कामावरून दूर राहिल्या. आठवड्याभराने सरकारने महिना १,००० रुपये वाढ आणि ५०० रुपये कोविड भत्ता मान्य केला. मे २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने भारतातल्या आशांचा जागतिक सन्मान केला. तरी २०२३-२४ मध्ये पुन्हा संप, मुंबईच्या आझाद मैदानात आंदोलन, आणि मार्च २०२४ मध्ये ५,००० रुपयांच्या वाढीचा शासन निर्णय. सन्मान आधी आला, पैसा रस्त्यावर उतरल्यावर आला.

गोवराचा इशारा

कोरोनाच्या धावपळीत नेहमीचे लसीकरण मागे पडले होते. २०२२ च्या हिवाळ्यात त्याची फळे दिसली. मुंबईत गोवंडीत गोवराने बालमृत्यू झाले. साथ भिवंडी, मालेगावात पसरली आणि नोव्हेंबरअखेर पिंपरी-चिंचवडच्या कुदळवाडी भागातही गोवराचे रुग्ण आढळले. भंगाराची गोदामे आणि स्थलांतरित मजुरांची दाट वस्ती असा हा भाग तेव्हा होता. कार्ड दुसऱ्या राज्यात राहिलेले, डोस अर्धवट, पत्ता बदलता. पथकांना पुन्हा घरोघर सर्वेक्षण करावे लागले आणि डिसेंबर व जानेवारीत राज्यभर दोन टप्प्यांत विशेष मोहीम झाली. एकदा मिळवलेला विश्वास साठवून ठेवता येत नाही, दर नव्या बाळाबरोबर आणि दर नव्या भाडेकरूबरोबर तो पुन्हा मिळवावा लागतो, हे या साथीने दाखवले.

या साऱ्या कालखंडाचा हिशोब मांडला तर निष्कर्ष सरळ निघतो. सक्तीने लसीकरणाचे आकडे काही काळ वाढतात, पण तिची सल दोन पिढ्या पुरते. विज्ञानाने लस दिली, कारखान्यांनी ती मुबलक केली, आणि होकार मिळवला तो देवी डॉक्टर, नर्सबाई, वढूचे आरोग्य मार्गदर्शक आणि आशा या माणसांनी. त्यांच्याकडे मोठे पद नव्हते, पण गावात पुन्हा पुन्हा येणेजाणे होते.

म्हणून पुढच्या साथीची वाट न पाहता तीन गोष्टी व्हायला हव्यात. चाकण पट्ट्यात आशांची संख्या प्रत्यक्ष राहणाऱ्या माणसांवरून ठरावी. त्यांचा मोबदला नियमित पगारासारखा महिन्याच्या महिन्याला मिळावा. आणि खोल्या भाड्याने देणाऱ्या प्रत्येक घरमालकाने, कामगार ठेवणाऱ्या प्रत्येक ठेकेदाराने आपल्याकडे आलेल्या कुटुंबातली लहान मुले जवळच्या उपकेंद्राला कळवावीत. यातल्या तिसऱ्या कामाला सरकारी आदेश लागत नाही. आपल्या आळीत नवे बिऱ्हाड आले असेल, त्यात तान्हे मूल असेल, तर आशाताईंना एवढे आजच सांगा.